पाहुण्यांच्या ओटीचं वाक्य

मुलीने लिहिलेल्या इंग्रजी पुस्तिकेत एक वाक्य खोटं होतं. बाकी सगळी वाक्यं मी तपासली होती आणि ती खरी होती. हे एकच अडलं होतं, आणि नेमकं त्याच्यावर ती रत्नागिरीत राहणार की पुण्याला जाणार हे ठरायचं होतं.

मुलगी पुण्यातली नोकरी सोडून घरी आली आणि वरच्या खोलीत टेबल टाकून इंग्रजी लिहू लागली. परदेशातली एक कंपनी प्रवाशांसाठी छोट्या पुस्तिका काढते. परक्या मुलखात कोणाच्या घरी गेलात तर चपला कुठे काढायच्या, कसं जेवायचं, निघताना काय म्हणायचं, अशा. तिला त्यांनी कोकणातल्या घराची पुस्तिका नमुना म्हणून लिहायला दिली. पसंत पडली तर सगळ्या किनाऱ्याच्या पुस्तिका तिच्याकडे, आणि काम इथूनच. नाही पडली तर पुण्यातल्या एका ऑफिसला ती होकार कळवणार होती. "मला जायचं नाहीये," असं ती एकदाच म्हणाली, तेही गच्चीवर आंबापोळी वाळत घालताना, आमच्याकडे न बघता. त्यानंतर बायकोने वरच्या खोलीला नवा पडदा शिवला आणि मी इन्व्हर्टरची बॅटरी मोठी आणली. 

माझं काम हिशेब तपासण्याचं. लिहिलंय तसं झालंय का, एवढंच मी आयुष्यभर बघत आलो. त्यामुळे मुलीची पानं माझ्याकडे येत. खरं असेल तिथे हिरवी पेन्सिल, नसेल तिथे तांबडी. तिने लिहिलं, हापूसची पेटी पाच डझनांची असते. मी तांबडी खूण केली, कारण फळ मोठं असेल तर पेटीत चारच डझन बसतात. ती चिडायची, पण बदलायची.

या लिखाणात मला एक नवी गोष्ट कळली. पाहुण्याबद्दल लिहिताना इंग्रजीतलं पुरुषाचं 'ही' म्हणायचं नाही, बाईचं 'शी' म्हणायचं नाही, एकटा माणूस असला तरी अनेकांचं 'दे' म्हणायचं, असा कंपनीचा नियम होता. मुलीला वाटलं मी नाक मुरडेन. पण मला तो नियम पहिल्या दिवसापासून आवडला. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की कोण ते माहीत नसेल तर 'ही' लिहावं. माझी चुलत बहीण माझ्याच वर्गात होती. तीही वर्षभर मुकाट्याने 'ही' होऊन बसली. मधल्या काळात लोक 'ही ऑर शी' लिहू लागले. म्हणजे जिथे एक शब्द पुरतो तिथे तीन. 'दे' म्हणजे कोणी बाहेर राहत नाही आणि दोन शब्दांची बचत. याहून चांगला व्यवहार मी नोकरीत पाहिलेला नाही.

मग मला चाळाच लागला. घरातली सगळी इंग्रजी माहितीपत्रकं काढून मी वाचत सुटलो. कुकरच्या पत्रकात वापरणारी व्यक्ती 'शी' होती. इन्व्हर्टरच्या पत्रकात 'ही' होती. आमच्या घरात सकाळचा कुकर मी लावतो आणि इन्व्हर्टरमध्ये पाणी बायको घालते.

"म्हणजे इतकी वर्षं आपण दोघं चुकीच्या यंत्राला हात लावतोय," मी म्हणालो.

"मग उद्यापासून तुम्ही पाणी घाला," बायको म्हणाली. "आणि कुकर?"

"कुकर लावणाऱ्यांनी लावावा."

"बघ गं, तुझे बाबा 'दे' शिकले आणि कामातून सुटले," तिने जिन्याकडे तोंड करून मुलीला सांगितलं. वरून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी आला.

हे सगळं ठीक चाललं होतं, आणि मग ओटीचं पान आलं.

आमच्याकडे बाई पाहुणी निघाली की तिला हळदकुंकू लावून तिच्या पदरात तांदूळ, नारळ, सुपारी, खण घालतात. पुरुष पाहुण्याला टोपी आणि नारळ. मुलीने ओटीबद्दल फार सुंदर लिहिलं होतं. ओंजळीतून तांदूळ पडण्याचा आवाज त्या इंग्रजीत ऐकू येत होता. पण नियमाप्रमाणे तिने 'दे' लिहिलं, आणि वाक्य असं झालं: कोकणातल्या घरातून निघताना प्रत्येक पाहुणे आपलं वस्त्र पुढे धरतात आणि यजमानीण त्यांची ओटी भरते.

मी तांबडी पेन्सिल उचलली.

"बाबा, प्लीज. कंपनीला पाहुण्यांचे दोन गट पाडलेले चालत नाहीत."

"कंपनीला नसेल चालत. पण पुरुषाची ओटी भरलेली मी आजवर पाहिलेली नाही. एकही नाही. ज्याची संख्या शून्य आहे ते 'प्रत्येक' म्हणून कसं लिहायचं?"

बायकोची हरकत वेगळी होती. पानावर तिच्या हातांचा फोटो जाणार होता. "खेडला माझी नणंद आहे," ती म्हणाली. "ती पुस्तक बघेल आणि सगळ्या खेडात सांगेल, वहिनी हल्ली पुरुषांच्या ओट्या भरते."

मुलीने वाक्य तसंच ठेवून पानं पाठवून दिली. दुसरा इलाज नव्हता. आठवड्याने कळलं की पुस्तिकेचे संपादक किनाऱ्याने फिरत आहेत आणि आमच्याकडे जेवायला येऊन जातील. त्यानंतर निर्णय.

हे संपादक परदेशात वाढलेले, आता बंगळूरला राहणारे. त्यांच्या प्रत्येक मेलखाली, नावाशेजारी, एक ओळ असे: माझ्याविषयी बोलताना 'दे' म्हणावं.

"म्हणजे बाई की बुवा?" बायकोने विचारलं.

"आई, ते आपण विचारायचं नाही."

"मी कुठे विचारते? मला फक्त जाताना काय द्यायचं ते कळायला हवं."

पुस्तिकेतलं खोटं वाक्य स्वतःच्या पायांनी चालत आमच्या घरी येत होतं.

त्याआधी दुसरी अडचण होती. आमच्या गावात कोणत्याही कचेरीत शिरलं की तोंडातून आधी 'सर' नाहीतर 'मॅडम' निघतं. त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. ही सवय मोडायची म्हणून मुलीने आमची तालीम घेतली. मी पाहुणा झालो आणि खुर्चीत बसलो. बायको पाणी घेऊन आली.

"सर, पाणी..."

"आई!"

"मॅडम, पा..."

"आई!"

"मग काका म्हणू? मावशी? दादा? ताई?" बायकोने पेला टेबलावर ठेवला. "आपल्याकडे इतकी नाती आणि सरळ माणूस म्हणून हाक मारायला एक नाही?" आम्ही वहिनी, भाऊ, आजोबा, आत्या सगळी पालथी घातली. मी तर 'महाशय' म्हणून बघितलं. तेव्हा मुलगी हसत जमिनीवरच बसली.

शेवटी बायकोचा चेहरा उजळला. "अहो!" ती म्हणाली. "'अहो, पाणी घ्या.' यात काय चूक आहे?"

चूक काहीच नव्हती. रस्त्यावर कोणाच्याही पिशवीतून काही पडलं तर आपण 'अहो' म्हणूनच हाक मारतो. पाहुण्यांविषयी बोलताना 'पाहुणे' आणि बोलावताना 'अहो', असं ठरलं. निघताना काय, तेही बायकोने ठरवलं: हातावर दही. परीक्षेला जाणारं पोर असो, मुंबईला निघालेला जावई असो, हातावर दही सगळ्यांच्याच पडतं. वर एक नारळ, पदरात नाही आणि टोपीबरोबरही नाही, नुसता हातात. मी या निर्णयाला मनातल्या मनात हिरवी खूण केली. मुलीने माझ्याकडून फक्त एक वचन घेतलं, की ओटीच्या वाक्याबद्दल मी आपणहून बोलणार नाही.

पाहुणे आदल्या दिवशी अंजनवेलचा किल्ला बघून आले होते. नाक उन्हाने लाल झालं होतं, अंगात गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता, पाठीवर पिशवी. दारातच जांभ्याच्या पायरीवर बसून त्यांनी बूट काढले आणि आमच्या चपलांच्या रांगेत नीट लावले. पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं. मला माणूस तिथेच पसंत पडला.

जेवायला सांदणं आणि आंब्याचा रस होता. पहिलं सांदण खाल्ल्यावर पाहुणे डोळे मिटून बसले, ही आमच्याकडे सर्वांत मोठी स्तुती. बायको उत्साहाने पातेलं घेऊन आली.

"अहो, आणखी एक घ्या!"

"नको गं, पोट भरलं," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही!"

पाहुण्यांनी मुलीला विचारलं, हे काय झालं. मुलीने सांगितलं की आई लग्न झाल्यापासून बाबांना हीच हाक मारते. पाहुणे इतके हसले की रसाचा पेला कलंडला. मग जेवण संपेपर्यंत बायकोने 'अहो' म्हटलं की मी आणि पाहुणे दोघंही एकदम मान वर करून "हो?" म्हणत होतो. पाहुण्यांना तेवढं मराठी त्या जेवणात आलं.

एवढ्यात मागच्या दारातून शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या पदरात कढीपत्त्याचे डहाळे होते, पण ते निमित्त. आमच्याकडे कोण आलंय हे बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली. चैत्रातल्या आमच्या हळदीकुंकवाला काकू सकाळपासून येतात, आंब्याची डाळ वाटून देतात, पन्ह्याची चव बघतात, आणि बायका जमायला लागल्या की मागच्या दाराने घरी जातात. बायको थांबा म्हणते. "माझं काय अडलंय, डाळ खाऊन झाली की," असं म्हणून त्या कधीच थांबत नाहीत.

"कोण गो हे?" काकूंनी विचारलं.

"पाहुणे," बायको म्हणाली.

"ते दिसलं मला. बापया की बाईमाणूस?"

"काकू, पाहुणे."

"बरं बाई, पाहुणे. पण जेवतात हो छान. दृष्ट काढ मागाहून."

हात धुऊन झाल्यावर पाहुण्यांनी पिशवीतून छापील पानं काढली आणि त्यातलं एक वर ठेवलं. ओटीचं.

"हे पान वाचून मी इथे यायचं ठरवलं," ते इंग्रजीत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सगळं तुम्ही तपासलंय असं ऐकलं. हेही?"

मी आपणहून बोलणार नाही असं वचन दिलं होतं. विचारल्यावर खोटं बोलेन असं दिलं नव्हतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. वरच्या खोलीचा पडदा माझ्या डोळ्यांपुढे आला, बॅटरी आली, आणि तरी माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"ते वाक्य बरोबर नाही," मी म्हणालो.

मुलीने हातातली वाटी खाली ठेवली.

मी सांगितलं, ओटी बायकांची भरतात, पुरुषांना टोपी देतात. आणि बायकांतसुद्धा सगळ्यांची नाही, असं म्हणता म्हणता मी थांबलो, कारण काकू समोर उभ्या होत्या.

"काय सांगतोयस रे? माझ्याकडे बघून का गप्प झालास?" काकू म्हणाल्या. मी त्यांना त्या 'दे' शब्दासकट सगळं मराठीत सांगितलं, जमेल तेवढं आडून.

"आणि नवरा गेलेल्या बाईची भरत नाहीत, असं सांग की सरळ," काकू म्हणाल्या. "आपल्या सगळ्या मांडवीला ठाऊक आहे, त्यांच्यापासून तेवढं का लपवायचं?"

मुलीने खालच्या आवाजात तेही इंग्रजीत सांगितलं. पाहुणे पानावर झुकले. मग म्हणाले, "आणि माझं काय ठरलं होतं?"

मुलीने आईला विचारलं. बायकोने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "दही."

हसू आलं सगळ्यांना, पण ते टिकलं नाही. पाहुणे म्हणाले, वाक्य खरं नसेल तर पान काढावं लागेल. आणि हे पान काढलं तर उरलेली पुस्तिका चांगली आहे, पण तशा चांगल्या पुस्तिका त्यांच्याकडे आधीच आहेत. मुलीने विचारलं, बायकांपुरतं लिहिलं तर? 'शी' करून? पाहुणे म्हणाले, मग मी हे वाचत कुठे उभं राहू? ते रागाने म्हणाले नाहीत. खरंच विचारल्यासारखं म्हणाले. मुलगी 'ठीक आहे' म्हणाली, आणि तिचा आवाज आंबापोळीच्या दिवशी होता तसा झाला.

"काय झालं? मला कोणी सांगेल का?" बायको म्हणाली. मुलीने सांगितलं.

बायकोने पातेलं कट्ट्यावर ठेवलं आणि हात पुसले. "मला सासूबाईंनी एकच शिकवलं," ती म्हणाली. "दारात कोणी पदर पुढे केला तर तो रिकामा परत पाठवायचा नाही. कोणाचा, ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही, कारण दुसऱ्या कोणी केलाच नाही पुढे."

मुलीने हे वाक्य इंग्रजीत केलं. ती अजून बोलतच होती तेव्हा पाहुणे खुर्चीवरून उठले, उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले, आणि त्यांनी कुर्त्याची दोन टोकं धरून पुढे केली.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. हरकत घ्यायला माझ्याजवळ कोणतंच कारण नव्हतं. ती आत गेली आणि तांदळाचं ताट, नारळ, सुपारी, खण घेऊन आली.

पहिली ओंजळ पडली आणि कुर्त्याला बाजूने फट असते हे आम्हाला आठवलं. तांदूळ सरळ फटीतून जमिनीवर सांडले.

"अगो धर, धर!" काकू ओरडल्या, आणि धावत जाऊन त्यांनी एका हाताने ती फट मुठीत घट्ट आवळली. "दुसरीकडनं पण जातंय! अरे तू काय बघतोस, धर की!"

मी दुसरी फट धरली. दोन बाजूंना आम्ही दोघं, मधे पाहुणे, समोर बायको तांदूळ घालतेय.

"खण घालू?" तिने विचारलं. "त्यांना चोळी कशाला लागेल?"

"उशीला अभ्रा शिवतील, घाल!" काकूंनी हुकूम दिला.

"टोपी राहिली," मी म्हणालो. कारण ओटी भरली म्हणून टोपी रद्द होते असं कुठेही म्हटलेलं नाही. कपाटातली पांढरी टोपी आणायला गेलो तर माझ्या बाजूची फट सुटली आणि सुपारी घरंगळत सोफ्याखाली गेली. परत येऊन मी टोपी पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवली. ती मोठी झाली आणि कानांवर बसली. पाहुण्यांना नमस्कार करायचा होता, पण हात अडकलेले. चालता येईना, कारण काकू फट सोडेनात. बायको हसायला लागली, आणि तिला हसू आलं की उचकी लागते. उचकी ऐकून मुलगी भिंतीला टेकून खाली घसरली. पाहुणे टोपीच्या आत हसत होते आणि प्रत्येक हसण्याला चार दाणे उडत होते.

"हसू नका हो, अन्न सांडतंय!" काकू म्हणत होत्या, आणि सगळ्यांत जास्त त्याच हसत होत्या.

मुलीने पिशवी आणून सगळं तीत ओतलं तेव्हा कुठे काकूंनी मूठ उघडली. डोळे पुसायला त्यांनी पदर उचलला. पदरात कढीपत्ता तसाच होता. त्यांनी डोळे पुसलेच नाहीत. पदर तसाच धरून उभ्या राहिल्या.

"मग आता आमची पण भरशील काय गो?" त्या बायकोला म्हणाल्या. "की तुमच्या त्या इंग्रजी शब्दात मी बसत नाही?"

त्यांनी थट्टेच्या सुरात विचारलं. पण पदर पुढे होता.

बायको एक क्षणही थांबली नाही. ताटात तांदूळ उरले होतेच. "या काकू, पुढे या," ती उचकी देत म्हणाली, आणि कढीपत्त्याच्या वरच तिने ओंजळ ओतली. एक, मग दुसरी. नारळ आणायला मुलगी धावली.

खोली शांत झाल्यावर मी पाहुण्यांना सांगितलं, आता दोन उदाहरणं झाली आहेत. पण वाक्य अजून बरोबर नाही. 'कोकणातल्या घरातून' हे चूक. सगळ्या कोकणाची हमी मी देऊ शकत नाही. 'या घरातून' म्हणा. आणि 'प्रत्येक पाहुणे' नाही. 'जे पाहुणे वस्त्र पुढे करतात' असं म्हणा. मग 'दे' चालेल.

मुलीने उभ्या उभ्याच ते पानावर लिहिलं. पाहुण्यांनी टोपी न काढता वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पान माझ्याकडे दिलं. मी शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली. हिरवी.

"हे पान राहील," पाहुणे मुलीला म्हणाले. "पुढच्या पुस्तिकेला कुठून सुरुवात करणार?"

मुलीने मला ऐकू न येणारं काहीतरी उत्तर दिलं. मी तोवर सोफ्याखाली सुपारी शोधत होतो आणि तिथून उठायची मला घाई नव्हती. निघताना पाहुण्यांच्या हातावर दहीही पडलं, कारण ठरलेलं होतं.

संध्याकाळी खेडहून बायकोच्या नणंदेचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, फोन आला. पाहुणे आल्याचं तिला कसं कळलं देव जाणे. "बाई होती की पुरुष?" तिने विचारलं. "पाहुणे होते," बायको म्हणाली. "पोटभर जेवले." आम्हाला तेवढंच माहीत आहे, आणि त्यात काही कमी आहे असं वाटत नाही.

पुस्तिका छापून आली. मुलगी वरच्या खोलीत पुढची लिहिते आहे, पडद्यामागून तिचा फोनवरचा आवाज येतो, आणि तांबडी पेन्सिल निम्मी झाली आहे. काकूंनी ते इंग्रजी पान आमच्याकडून मागून नेलं. त्यांना वाचता येत नाही, पण बायकोचे हात आणि खाली मी छापील पानावरही केलेली हिरवी खूण त्या ओळखतात. आता त्या नुसतं मीठ मागायला आल्या तरी जाताना उंबऱ्याशी थांबतात आणि पदर पुढे करतात.

"काकू, कालच तर भरली," बायको म्हणते.

"छापलंय," काकू म्हणतात. "भर."